छातीचा फोटो ते सीटी स्कॅन: कशात काय दिसतं आणि किती खर्ची पडतं

मे २०२१ मध्ये घराघरांत एकच चौकशी चालली होती: "स्कोअर किती आला?" कोविडच्या रुग्णाचा छातीचा सीटी काढायचा, फुप्फुसाच्या पाचही भागांना शून्य ते पाच गुण द्यायचे आणि बेरीज २५ पैकी सांगायची, असा तो प्रकार. त्याच महिन्यात दिल्लीच्या एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी सांगितलं की, एक सीटी म्हणजे छातीचे ३०० ते ४०० एक्स-रे. रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने लगेच प्रत्युत्तर दिलं की हा हिशेब ३०-४० वर्षांपूर्वीचा आहे आणि आजच्या यंत्रावर सीटी पाच-दहा एक्स-रेइतकाच पडतो. लोक गोंधळले. खरं कोणाचं?

गणित दोघांचंही जुळतं. छातीच्या एका समोरच्या एक्स-रेला साधारण ०.०२ मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणांच्या डोसचं माप) किरणोत्सर्ग लागतो आणि छातीच्या नेहमीच्या सीटीला सहा ते सात. भागाकार केला की तीनशेच्या पुढे आकडा जातो. पण एक्स-रे समोरून आणि बाजूने असे दोन धरले, थोडा सढळ हिशेब केला, तर ०.१ होतात, आणि सीटी कमी डोसवर काढला तर तो एक-दीड मिलिसिव्हर्टवर येतो, काही यंत्रांवर त्याच्याही खाली. आता तोच भागाकार पाच ते पंधराच्या घरात येतो. वरचा आकडा बदलला, खालचा बदलला, उत्तर बदललं. मात्र या वादात मुद्द्याचा प्रश्न बाजूलाच राहिला. ऑक्सिजन ९७-९८ आहे, धाप लागत नाही, ताप दोन दिवसांचा आहे, अशा माणसाचा स्कोअर कळून औषधात काय बदलणार होतं? काहीच नाही. शिवाय पहिल्या एक-दोन दिवसांत सीटी पुष्कळदा स्वच्छच येतो, म्हणजे ज्याने घाई केली त्याच्या पदरात खोटा दिलासा पडला.

कोणत्याही तपासणीचा फायदा-तोटा मोजायची सुरुवात इथून करावी: या फोटोतून काय निघालं तर उपचार बदलतील? उत्तर असेल, तर धोका बहुधा किरकोळ ठरतो. उत्तर नसेल, तर तपासणीत उरतो तो फक्त धोका आणि बिल.

आता मिलिसिव्हर्टचा अंदाज यावा म्हणून. माती, खडक, हवेतला रेडॉन आणि अंतराळातून येणारे किरण यांतून जगातल्या सरासरी माणसाला वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात, दवाखान्याची पायरी न चढता. दाताचा एक छोटा एक्स-रे ०.००५, मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) सुमारे ०.४, कंबरेच्या मणक्यांचे एक्स-रे दीड, डोक्याचा सीटी दोन, पोट आणि ओटीपोटाचा सीटी आठ ते दहा, पेट-सीटी वीस-पंचवीसपर्यंत. सोनोग्राफी आणि एमआरआय यांत हा किरणोत्सर्ग शून्य. "एमआरआयचं रेडिएशन लागेल का" हा प्रश्न रोज विचारला जातो. एमआरआयचे धोके आहेत, पण ते अगदी वेगळ्या जातीचे. त्यांच्याकडे पुढे येऊ.

दहा मिलिसिव्हर्टने नेमकं किती नुकसान होतं? इतक्या छोट्या डोसचा परिणाम थेट मोजता येत नाही. हिरोशिमा-नागासाकीच्या वाचलेल्या लोकांवर दशकानुदशकं लक्ष ठेवून मोठ्या डोसचे आकडे मिळाले आणि तीच रेघ खाली लहान डोसपर्यंत ओढली गेली. त्या अंदाजानुसार दहा मिलिसिव्हर्ट घेतलेल्या १,००० जणांपैकी एकाला त्यामुळे आयुष्यात कधीतरी कर्करोग होईल. भारतात दर नऊ जणांपैकी एकाला आयुष्यात कर्करोग होण्याची शक्यता सांगितली जाते. म्हणजे त्याच १,००० जणांत स्कॅन न करताही ११० च्या आसपास रुग्ण असतीलच, त्यात एकाची भर. अपेंडिक्स फुटलंय का हे ठरवायचं असेल तर हा सौदा सरळ फायद्याचा. पण दर सहा महिन्यांनी "एकदा बघून घेऊ" म्हणणाऱ्याच्या बाबतीत हा धोका थोडाथोडा जमा होत जातो. लहान मुलांचं गणित आणखी कडक: पेशी भराभर वाढत असतात, आणि धोका प्रत्यक्षात यायला समोर साठ-सत्तर वर्षं पडलेली असतात. सत्तरीतल्या आजोबांना हाच सीटी फारसा बाधत नाही.

आपल्या स्कॅनचा डोस आपल्यालाही काढता येतो. सीटीच्या सीडीत शेवटी एक चित्रासारखं पान असतं, नुसत्या आकड्यांचं. त्यात 'डीएलपी' नावाचा रकाना असतो. प्रौढ माणसासाठी तो आकडा छातीला ०.०१४ ने, पोटाला ०.०१५ ने आणि डोक्याला ०.००२१ ने गुणावा. येणारं उत्तर मिलिसिव्हर्टमध्ये. छातीचा डीएलपी ४०० असेल तर ५.६. पोटाच्या स्कॅनचा डीएलपी २,००० दिसला तर चमकून बघावं. बहुतेक वेळा कारण एकच निघतं: कॉन्ट्रास्टआधी (अवयव उठून दिसावेत म्हणून शिरेतून देतात ते औषध) एकदा, ते धमनीत असताना एकदा, शिरेत उतरल्यावर एकदा आणि मग उशिरा आणखी एकदा, असे तीन-चार फेरे. यकृतातली गाठ ओळखायला हे फेरे लागतातच, कारण कोणती गाठ औषध कधी शोषते आणि कधी सोडते यावरच निदान ठरतं. साध्या पोटदुखीला मात्र एक फेरा पुरतो. फेऱ्यांखेरीज डोस वाढायची आणखी कारणं असतात. रुग्ण यंत्राच्या ऐन मध्यावर झोपवलेला नसतो, छातीचा स्कॅन मानेपासून कंबरेपर्यंत लांबवलेला असतो, पोटाच्या स्कॅनला हात डोक्यावर न घेता अंगालगत ठेवलेले असतात (हाडं आडवी आली की यंत्र आपणहून किरण वाढवतं, वर चित्रात पट्टे उमटतात), किंवा चार वर्षांच्या मुलाला मोठ्यांच्याच सेटिंगवर चढवलेलं असतं.

कशात काय दिसतं, हे कळायला फार पदार्थविज्ञान लागत नाही. ८ नोव्हेंबर १८९५ ला जर्मनीत वुर्झबर्गला विल्हेल्म राँटगेनला एक्स-रे सापडले. आजही तत्त्व तेच आहे: किरण शरीरातून पार जातात, हाडातलं कॅल्शियम त्यांना अडवतं म्हणून हाड पांढरं, हवा अडवत नाही म्हणून फुप्फुस काळं. मधल्या सगळ्या गोष्टी, यकृत, स्नायू, रक्त, पाणी, जवळजवळ एकाच राखाडी रंगाच्या. म्हणून एक्स-रे हा मोडलेलं हाड, न्यूमोनिया, टीबीचा डाग, फुप्फुसाभोवतीचं पाणी यांसाठी उत्तम. आणि पोटातल्या बहुतेक दुखण्यांसाठी आंधळा. त्यातही मर्यादा आहेतच. उभ्याने काढलेल्या छातीच्या फोटोत पाणी दिसायला साधारण २०० मिलिलिटर साठावं लागतं. सोनोग्राफीत वीसेक मिलिलिटरही सापडतं. टीबीचा डाग दिसला तरी जुना, भरलेला डाग आणि चालू आजार फोटोवरून खात्रीने वेगळे करता येत नाहीत. म्हणून थुंकीत जंतू शोधणारी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणी लागतेच. फोटो संशय दाखवतो, जंतू दाखवत नाही.

सीटीने हीच अडचण सोडवली. गॉडफ्रे हाऊन्सफिल्डच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाचं डोकं ऑक्टोबर १९७१ मध्ये लंडनला तपासलं गेलं. सगळ्या बाजूंनी किरण सोडून संगणक प्रत्येक बारीक ठिपक्याला एक आकडा देतो: पाणी शून्य, हवा उणे १,०००, चरबी उणे १०० च्या आसपास, मेंदू ३० ते ४०, ताजं गोठलेलं रक्त ६० ते ८०. मेंदू आणि रक्त यांतला हा तीस-चाळीसचा फरक एक्स-रेला कधीच दिसला नसता. अर्धांगवायूच्या रुग्णाचा आधी सीटी काढतात तो याच फरकासाठी. गुठळी शोधणं हा तिथे पहिला हेतू नसतोच. रक्तस्राव नाही याची खात्री करायची असते, कारण गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांत द्यायचं असतं आणि रक्तस्राव असताना दिलं तर जीव घेतं. गुठळीमुळे झालेल्या झटक्यात सुरुवातीच्या तासांत सीटी साफ दिसू शकतो. "रिपोर्ट नॉर्मल आहे, मग हात का हलत नाही?" असं विचारत नातेवाईक दुसऱ्या दवाखान्याकडे धावतात आणि तेवढ्यात वेळ निघून जातो. त्या क्षणी नॉर्मल सीटी म्हणजे 'इंजेक्शन द्यायला हरकत नाही' असा कौल. ताजी इजा एमआरआयमध्ये फार लवकर दिसते, पण सीटी काही सेकंदांत उरकतो आणि रात्री दोन वाजताही मिळतो, म्हणून आधी तो.

मुतखड्यालाही तसंच. कमरेतून जांघेकडे कळ येत असेल तर आधी सोनोग्राफी. मूत्रपिंड सुजलंय का ते ती चांगलं सांगते. खडा नळीच्या मधल्या भागात अडकला असेल तर आतड्यातला वायू आड येतो आणि तो दिसत नाही. तिथे कॉन्ट्रास्ट न देता काढलेला सीटी जवळपास प्रत्येक खडा पकडतो, मापासकट. त्या मापावरच 'पाणी पिऊन पडेल' की 'काढावा लागेल' हे ठरतं. ज्यांना वारंवार खडे होतात त्यांनी कमी डोसचा सीटी सांगून मागावा. खडा आणि आजूबाजूचे अवयव यांत फरक इतका मोठा असतो की चित्र थोडं दाणेदार आलं तरी काही बिघडत नाही.

मूल पलंगावरून पडलं आणि डोक्याला टेंगूळ आलं, तर लगेच सीटी काढायची घाई नको. बेशुद्ध पडलं होतं का, पुनःपुन्हा उलटी होते का, नेहमीपेक्षा गुंगीत आहे का, नाका-कानातून पाणी किंवा रक्त येतं का, उंचीवरून किंवा गाडीच्या धक्क्याने लागलं का, हे डॉक्टर पाहतात. यांतलं काही नसेल तर चार ते सहा तास नजरेखाली ठेवणं पुरेसं असतं. दोन वर्षांखालच्या बाळाला मात्र डॉक्टरांनी स्वतः तपासल्याशिवाय हे घरी ठरवू नये.

सोनोग्राफी हा गरिबाघरचा आणि गुणी भाऊ. कानाला न ऐकू येणारा आवाज आत सोडायचा आणि प्रतिध्वनी ऐकायचा. हवा आणि हाड हे त्याचे दोन शत्रू, आणि सगळ्या सूचना त्यातूनच येतात. सहा तास उपाशी का? पित्ताशय भरलेलं राहावं म्हणून. जेवलात की ते आकसतं आणि खडा लपतो. लघवी तुंबवून का? भरलेली पिशवी आतड्यांना वर ढकलते आणि गर्भाशय, प्रोस्टेट पाहायला खिडकी मिळते. जेल का? त्वचा आणि प्रोब (अंगावर फिरवतात ती मूठ) यांच्यामध्ये हवा राहू नये म्हणून. मोठी खोट एकच: हात आणि डोळा ज्याचा, निकाल त्याचा. सीटीची चित्रं दुसऱ्या डॉक्टरला नंतर पूर्ण तपासता येतात, सोनोग्राफीची नाही. शंका असेल तर प्रिंट घेऊन फिरण्यापेक्षा सोनोग्राफी पुन्हा करून घेणं शहाणपणाचं.

आता कॉन्ट्रास्ट, ज्याला बोलीत 'डाय' म्हणतात. सीटीत आयोडीनयुक्त औषध ६० ते १०० मिलिलिटर, पंपाने सेकंदाला तीन ते पाच मिलिलिटर वेगाने जातं. म्हणून कोपराजवळच्या चांगल्या शिरेत जाड सुई लावतात. औषध जाताना अंग गरम होतं, तोंडाला धातूची चव येते, लघवी झाल्यासारखं वाटतं. हे सगळं अर्ध्या मिनिटात ओसरतं आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. सुईच्या जागी आग होऊन फुगवटा आला तर मात्र लगेच ओरडून सांगावं, कारण औषध शिरेबाहेर चाललेलं असतं. गंभीर ॲलर्जी १०,००० जणांत चारेक जणांना होते, बहुतेकदा पहिल्या वीस मिनिटांत. त्यासाठीच अर्धा तास बसवून ठेवतात. तो वेळ चहाला जाण्यासाठी नसतो. मासे-कोळंबीची ॲलर्जी असणाऱ्यांना हे औषध चालत नाही, हा कोकणापासून नागपूरपर्यंत पसरलेला गैरसमज. माशांच्या ॲलर्जीचं कारण त्यातली प्रथिनं. आयोडीनचा संबंध नाही. आधी याच औषधाने त्रास झाला असेल, तर ती मात्र ठळक अक्षरांत सांगायची गोष्ट. आधी थोडंसं टोचून बघायची 'टेस्ट डोस' पद्धत काही ठिकाणी चालते. तिने पुढची ॲलर्जी ओळखता येत नाही.

मूत्रपिंडाचं काय? क्रिएटिनिनवरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंड किती गाळतं तो आकडा, ३० च्या वर असेल तर धोका पूर्वी समजत तितका नाही. ३० च्या खाली असेल तर पर्याय शोधावा, आणि गरजच असेल तर शिरेतून सलाईन देऊन करावं. अशा रुग्णांनी मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी स्कॅननंतर ४८ तास थांबवायची असते, आणि मूत्रपिंडाची तपासणी पुन्हा करून मगच सुरू करायची. बाळाला पाजणाऱ्या आईने दूध थांबवण्याची गरज नाही. दुधात उतरणारं प्रमाण नगण्य आहे.

एमआरआयचा धोका चुंबकाचा. दीड टेस्लाचं (टेस्ला हे चुंबकाच्या जोराचं माप) यंत्र म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजार पटींहून जास्त. त्याची वेटोळी द्रवरूप हीलियमने उणे २६९ अंशांवर थंड ठेवलेली असतात, आणि हे चुंबक रात्री, रविवारी, रुग्ण नसताना, दिवे गेल्यावरही चालू असतं. 'मशीन बंद आहे' हे वाक्य एमआरआयच्या खोलीत कोणीही खरं मानू नये. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात प्राणवायूचा सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेलेला रुग्णाचा नातेवाईक सिलिंडरसकट यंत्राकडे खेचला गेला आणि दगावला. खुर्ची, स्ट्रेचर, सिलिंडर हे सगळं तिथे तोफगोळ्यासारखं उडतं.

लहान गोष्टीही बघाव्यात. मंगळसूत्र, जोडवी, नथ, पिना, ताईत, कानातलं यंत्र, चाव्या, एटीएम कार्ड बाहेर. जरीची साडी किंवा धातूचा धागा असलेले कपडे बदलावेत, कारण धागा तापून भाजू शकतो. आत हात एकमेकांत गुंफून झोपू नये. उघडी त्वचा त्वचेला लागून वर्तुळ झालं की तिथेही भाजतं, म्हणून टेक्निशियन मध्ये कापडाची घडी ठेवतात. हाडात बसवलेले टायटॅनियमचे रॉड, स्टेंट बहुधा चालतात. पेसमेकर, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूतल्या रक्तवाहिनीची क्लिप असेल तर त्याचं कार्ड आणावं. मॉडेल नक्की कळल्याशिवाय आत सोडणार नाहीत आणि सोडूही नये. लेथवर किंवा ग्राइंडिंगचं काम करणाऱ्यांनी डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का ते सांगावं. तसं असेल तर आधी डोळ्यांचा एक्स-रे.

आता ज्या धोक्याबद्दल कोणी विचारत नाही, त्याबद्दल: नको ते दिसणं. पाठ न दुखणाऱ्या माणसांच्या मणक्यांच्या स्कॅनचा एक मोठा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या चकत्यांत झीज दिसत होती, आणि दुखत कोणालाच नव्हतं. म्हणून आठ दिवसांच्या कंबरदुखीला एमआरआय काढला की 'डिस्क बल्ज' (चकती थोडी बाहेर फुगलेली) सापडणारच. तोच दुखण्याचं कारण आहे, हे त्यावरून सिद्ध होत नाही. लघवी-शौचावरचा ताबा जाणं, पायातली ताकद कमी होत जाणं, ताप, वजन उतरणं, आधी कर्करोग झालेला असणं, यांतलं काही असेल तर त्याच दिवशी धाव घ्यावी. नाहीतर सहा आठवडे हालचाल आणि औषधांवर काढावेत.

दक्षिण कोरियात हीच गोष्ट देशाच्या पातळीवर घडली. तपासणी पॅकेजमध्ये गळ्याची सोनोग्राफी आली आणि १९९३ ते २०११ मध्ये थायरॉइडच्या कर्करोगाचं निदान पंधरा पटींनी वाढलं. त्याने होणारे मृत्यू होते तेवढेच राहिले. म्हणजे हजारो लोकांच्या ग्रंथी काढल्या गेल्या, त्यांना जन्मभराची गोळी लागली, आणि त्यातल्या पुष्कळांना त्या गाठीने कधीच त्रास दिला नसता. काहीही होत नसताना घेतलेली 'फुल बॉडी स्कॅन'ची पॅकेजं वाढदिवसाची भेट म्हणून दिली जातात, तेव्हा हे आठवावं. मॅमोग्राफी हा वेगळा मामला आहे. चाळिशीपुढच्या बायकांसाठी ती ठरलेल्या वयात, ठरलेल्या अंतराने करण्याची शिफारस आहे. (त्या दिवशी काखेत पावडर किंवा डिओ लावू नये. त्यातलं ॲल्युमिनियम किंवा टाल्क फोटोत कॅल्शियमच्या कणांसारखं दिसतं.)

दिवस राहिलेत हे कळायच्या आत एक्स-रे काढला गेला, या धास्तीने गर्भपाताची चौकशी करणाऱ्या बायका आजही येतात. गर्भाला ५० मिलिग्रेच्या (मिलिग्रे हेही किरणांच्या डोसचं माप, इथे मिलिसिव्हर्टच्या जवळपासचं) खालच्या डोसने व्यंग येतं असं दिसलेलं नाही. छातीच्या एक्स-रेतून गर्भाला पोचतो एका मिलिग्रेच्या शंभराव्या भागाहूनही कमी, आणि पोटाच्या सीटीतूनही बहुधा ३५ च्या आतच. त्यामुळे त्या एका फोटोपायी गर्भ पाडण्याचं कारण नाही. तपासणीआधी शेवटच्या पाळीची तारीख विचारतात ती टाळता येईल ते टाळण्यासाठी. गरोदरपणीच्या सोनोग्राफीला फॉर्म 'एफ' भरावा लागतो त्यामागचं कारण मात्र किरण नाहीत, गर्भलिंगनिदानावरची बंदी आहे. गर्भलिंगनिदानावर कायदा करणारं देशातलं पहिलं राज्य महाराष्ट्र, १९८८ मध्ये. केंद्राचा कायदा १९९४ चा.

एक्स-रे आणि सीटीच्या खोलीत बटण सोडल्याबरोबर किरण संपतात. भिंतीत, गादीत, कपड्यांत काही उरत नाही. पेट-सीटीचं तसं नाही. त्यात रुग्णाच्या रक्तात किरणोत्सर्गी साखर सोडतात आणि तिचा जोर दर ११० मिनिटांनी अर्धा होतो, म्हणून त्या संध्याकाळपर्यंत तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊ नये. मुलाला धरायला आत थांबणाऱ्या पालकाने शिशाचा एप्रन मागून घ्यावा. रुग्णाला स्वतःला एप्रन दिला नाही म्हणून भांडू नये: आजच्या यंत्रांत तो आड आला तर यंत्र किरण वाढवतं किंवा फोटो पुन्हा काढावा लागतो, त्यामुळे ती पद्धत मागे पडली. केंद्राकडे अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना आहे का, टेक्निशियनच्या छातीवर डोस मोजणारा टीएलडी बिल्ला आहे का, दार लावून घेतात का, एवढं बघितलं तरी पुष्कळ कळतं.

आणि जुनी चित्रं जपून ठेवावीत. फिल्मवर निवडक चौकटी असतात, सीडीत सगळ्या. फिल्म उन्हात पिवळी पडते, सीडी पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवता येते. फुप्फुसात सात मिलिमीटरची भरीव गाठ दिसली आणि दोन वर्षांपूर्वीच्या सीटीत ती तेवढीच असली, तर रिपोर्टमध्ये 'बदल नाही' एवढं येतं आणि विषय बहुधा तिथेच मिटतो. जुना सीटी मिळाला नाही, तर तीच गाठ नवी समजावी लागते, आणि सहा महिन्यांनी पुन्हा सीटी.